वस्तऱ्याची जखम आणि ग्राहकाचे मौन

अर्थशास्त्राच्या ग्रंथांत मोठ्या हानींची चर्चा विपुल आढळते. अवर्षण, बँकांची दिवाळखोरी, कारखान्यांच्या धुराड्यांतून होणारे प्रदूषण, धरणग्रस्तांचे विस्थापन या विषयांवर अभ्यासकांनी आयुष्ये वेचली आहेत. परंतु सामान्य माणसाच्या वाट्याला रोजच्या व्यवहारात ज्या हानी येतात, त्या बहुधा लहान असतात. शिंप्याने बिघडवलेले कापड, इस्त्रीत जळालेली बाही, आणि केशकर्तनालयात वस्तरा निसटून गालाला किंवा कानाला झालेली जखम, या सर्वांची जात एकच. प्रत्येक हानी इतकी किरकोळ असते की तिच्यासाठी भांडणे माणसाला कमीपणाचे वाटते. म्हणूनच त्यांचा हिशेब कोठेही लागत नाही, आणि ज्याचा हिशेब लागत नाही त्यात सुधारणाही होत नाही.

आमच्या परिचयातील एका शिक्षकांचे उदाहरण घेऊ. कानामागचे केस साफ करताना कारागिराचा हात हलला आणि त्यांच्या कानाच्या पाळीला चीर पडली. कारागिराने ओला तुरटीचा खडा जखमेवरून फिरवला आणि ‘काही नाही सर, आत्ता थांबेल’ असे म्हणून काम पुढे चालू ठेवले. शिक्षकांनी कानाला रुमाल लावला, पूर्ण पैसे दिले आणि ते घरी आले. त्या दुकानाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. दुसरी हकीकत याच्या अगदी उलट टोकाची आहे. तशाच जखमेवरून एका गिऱ्हाईकाने कारागिराच्या कानशिलात लगावली आणि मालकाने त्या मुलाला त्याच संध्याकाळी कामावरून काढून टाकले. एकाने मौन पाळले, दुसऱ्याने हात उचलला. मात्र वस्तऱ्यात घातलेले पाते नवे होते काय, हा त्या प्रसंगीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दोघांपैकी कोणीही विचारला नाही.

तो महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र ध्यानात घेतले पाहिजे. चेहरा व डोके यांना रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे तेथील बारीकशी जखमही पुष्कळ वाहते आणि माणूस घाबरतो. वास्तविक, स्वच्छ कापड जखमेवर सलग दहा मिनिटे घट्ट दाबून धरले, मध्येच उचलून पाहण्याचा मोह टाळला, तर बहुतेक रक्तस्राव थांबतो. त्यानंतर वाहत्या पाण्याने व साबणाने जागा धुवावी. रक्त थांबतच नसेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, किंवा मधुमेह अथवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा उपचार चालू असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हेही आठवावे. स्वच्छ, लहान जखमेच्या बाबतीत दहा वर्षांच्या आत लस घेतलेली असली तर ती पुरेशी मानतात. जखम अस्वच्छ असेल तर ही मर्यादा पाच वर्षांवर येते. पुढील दोनतीन दिवसांत लाली पसरू लागली, पू दिसला किंवा ताप आला, तर घरगुती उपायांवर विसंबू नये.

हे झाले दिसणाऱ्या जखमेचे. न दिसणारा धोका पात्यावर आणि तुरटीच्या खड्यावर असतो. तुरटी रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून तिने रक्त थांबते हे खरे. परंतु एकाच्या उघड्या जखमेवरून फिरवलेला खडा दुसऱ्याच्या जखमेवर फिरवणे म्हणजे एकाचे रक्त दुसऱ्याला लावणेच होय. हिपॅटायटिस ‘ब’ या यकृतदाहाचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस तग धरू शकतो. या रोगाची लस आपल्या देशातील बालकांच्या लसीकरण कार्यक्रमात सर्वत्र समाविष्ट झाली ती २०११ मध्ये. म्हणजेच आज नोकरीत असलेल्या आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या बहुसंख्य लोकांना बालपणी ती सरकारी कार्यक्रमातून मिळालेली नाही. पाते वापरलेले होते अशी शंका असेल, तर डॉक्टरांकडे शक्यतो चोवीस तासांच्या आत जाऊन या लसीविषयी विचारणे शहाणपणाचे ठरते. एचआयव्हीच्या बाबतीत प्रतिबंधक औषधांची आवश्यकता आहे की नाही, हे डॉक्टरांनी बहात्तर तासांच्या आत ठरवावयाचे असते. यात घाबरवण्याचा हेतू नाही. बहुतेक जखमा काही दिवसांत निर्वेधपणे भरून येतात. मात्र वेळेची ही बंधने मौनाला मानवत नाहीत. ‘बघू उद्या’ म्हणणारा माणूस नेमके तेच तास गमावतो.

येथे एका ऐतिहासिक वस्तुस्थितीची नोंद उद्बोधक ठरेल. इंग्लंडमध्ये केशकर्तक आणि शल्यचिकित्सक हे १५४० पासून एकाच संघाचे सभासद होते. १७४५ मध्ये त्यांची फारकत झाली. जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धती जोसेफ लिस्टर यांनी मांडली ती त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, १८६७ मध्ये. त्यामुळे निर्जंतुकीकरणाचे शास्त्र विभक्त झालेल्या कुटुंबापैकी एकाच घरी पोचले. धारदार शस्त्र मात्र दोन्ही घरी राहिले. आपल्याकडेही केशकर्तनाच्या धंद्याला वस्तरा परंपरेने मिळाला. तो निर्धोकपणे वापरण्याचे आधुनिक ज्ञान त्याच्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कोणी आपली मानली नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळू. गिडो कॅलाब्रेसी यांनी १९७० मध्ये अपघातांच्या खर्चावर जो ग्रंथ लिहिला, त्यातील एक विचार सोपा आणि मार्मिक आहे. अपघात टाळण्याची जबाबदारी शक्यतो अशा पक्षावर टाकावी, की ज्याला तो सर्वांत कमी खर्चात टाळता येतो. केशकर्तनालयाला ही कसोटी लावून पाहा. डोळे मिटून, मान मागे टाकून, गळ्यापर्यंत चादर पांघरून बसलेला ग्राहक पाते तपासू शकत नाही. दुकानदार मात्र प्रत्येक माणसासाठी नवे पाते घालू शकतो. अनेक ठिकाणी एका पात्याचे दोन तुकडे करून दोन गिऱ्हाइकांसाठी वापरतात. म्हणजे सावधगिरीचा खर्च दाढीच्या दरापुढे नगण्य होतो. तुरटीचा सामाईक खडा टाकून देण्याला तर काहीच खर्च नाही. इतक्या स्वस्त उपायाने ज्या आजाराचा धोका टळू शकतो, त्यावरील उपचार मात्र वर्षानुवर्षे चालू शकतो.

मग हा स्वस्त उपाय सर्वत्र का होत नाही? दुकानदार दुष्ट असतात असे मानण्याचे कारण नाही. रविवारी सकाळी बाकावर सहाजण खोळंबलेले असतात, कारागिराला पुष्कळदा कामाच्या संख्येवर वाटा मिळतो, आणि घाईची किंमत त्याला कोणी दाखवून देत नाही. ती दाखवण्याची संधी ज्याला असते तो ग्राहक निमूटपणे दुसऱ्या दुकानात जातो. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्येच प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या वर्तनाचे विवेचन केले आहे. सेवेचा दर्जा घसरला की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात, निघून जाणे किंवा बोलणे. नायजेरियातील रेल्वेचा कारभार मालमोटारींच्या स्पर्धेनंतरही सुधारला नाही, हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या मते याचे एक कारण असे की, ज्या ग्राहकांनी आवाज उठवून सुधारणा घडवली असती, तेच सर्वप्रथम रेल्वे सोडून गेले. स्पर्धेमुळे सर्व काही आपोआप सुधारते, हा आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असलेला सिद्धांत येथे अपुरा पडतो. निघून गेलेला ग्राहक दुकानदाराला एवढेच कळवतो की एक गिऱ्हाईक कमी झाले. ते का कमी झाले, हे त्याला कळतच नाही.

गावगाड्यात याच्या नेमकी उलट स्थिती होती. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या नाभिकाला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मोबदला मिळे आणि घराघराशी त्याचे नाते पिढ्यान्पिढ्यांचे असे. तेथे सोडून जाण्याची सोय कोणालाच नव्हती. बोलण्याची होती, पण ते बोलणे बरोबरीच्या माणसाचे नव्हते. वरून खाली दिलेला तो हुकूम असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. ज्या समाजाला अशा रीतीने ऐकून घ्यावे लागले, त्यानेच १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत विधवांचे केशवपन करण्यास नकार देऊन आपल्या वस्तऱ्याची नैतिक मर्यादा स्वतः ठरवली होती, हे स्मरणात ठेवले पाहिजे. रोख पैशाच्या व्यवहाराने कारागिराला त्या जुन्या ताबेदारीतून मोकळे केले, ही मोठीच प्रगती झाली. मात्र बरोबरीच्या नात्याने तक्रार कशी करावी आणि ती कशी ऐकावी, ही नवी भाषा आपण अद्याप शिकलेलो नाही. म्हणून मौन किंवा चपराक हे दोनच पर्याय आपल्याला सुचतात.

कायदा या कामी कितपत उपयोगी पडतो? १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. पैसे घेऊन दिलेली केशकर्तनाची सेवाही या कायद्याच्या कक्षेत येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि सेवेचे मूल्य पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही द्यावे लागत नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी उपलब्ध आहे. तरीही जिल्हा आयोगाच्या तारखांना हजर राहण्यासाठी किरकोळ रजा खर्च करणाऱ्या लिपिकाला हे शुल्कमुक्त न्यायदान स्वस्त वाटेल असे नाही. वेळ हाही खर्चच असतो.

शिवाय कायद्याचे दुसरे टोकही आपण पाहिले आहे. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या केशकर्तनालयात २०१८ मध्ये केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले गेले, म्हणून राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये तक्रारदार महिलेला दोन कोटी रुपयांची भरपाई देऊ केली. भरपाईचा आकडा पुराव्यावर आधारलेला असला पाहिजे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ती रक्कम रद्द केली आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. वाद त्यानंतरही चालू राहिला. त्या तक्रारीच्या गुणावगुणांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. पण जे तत्त्व न्यायालयाने सांगितले ते कानाच्या पाळीलाही लागू आहे. मागणी हानीच्या मापाची असावी, आणि तिला पुरावा असावा.

तात्पर्य, मौन आणि दोन कोटी यांच्यामध्ये एक मधला मार्ग आहे आणि तो प्रत्येकाच्या आवाक्यातील आहे. जखम होताच काम थांबवण्यास सांगावे. तुरटी नाकारून स्वच्छ कापूस किंवा कापड मागावे. पाते नवे होते काय, हे शांतपणे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. भ्रमणध्वनीवर जखमेचे छायाचित्र घ्यावे, पैसे दिल्याची नोंद व डॉक्टरांची पावती जपून ठेवावी. नंतर बोलावे ते मालकाशी. कारागिराला धारेवर धरू नये. कामाची घाई, पात्यांची बचत आणि वाट्याची पद्धत ही सारी व्यवस्था मालकाने ठरवलेली असते. म्हणून जबाबदारीही प्रथम त्याची. मागणी दोनच गोष्टींची करावी : उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, आणि यापुढे प्रत्येकासमोर नवे पाते घालण्याचा नियम. कारागिराला काढून टाका, अशी मागणी कदापि करू नये. त्याने फक्त एक माणूस उपाशी राहतो. पाते जुने ते जुनेच राहते. मालकाने ऐकलेच नाही, तर मग मदतवाहिनी आणि आयोग आहेतच.

काही जण म्हणतील की या धंद्याला सरकारी परवाना सक्तीचा करावा. अमेरिकेत राज्याराज्यांतून तशी पद्धत आहे. तिच्यावर मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्येच कठोर टीका केली होती. असे परवाने जनतेचे रक्षण करण्याऐवजी नवागतांची वाट अडवतात, असा त्यांचा आक्षेप होता. फ्रीडमन यांची सर्व मते ग्राह्य मानण्याचे कारण नाही. तथापि पिंपळाखाली आरसा टांगून बसणाऱ्या आपल्या कारागिराच्या बाबतीत हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परवान्याचा बोजा त्याच्यावर पडेल आणि वातानुकूलित दालने सहज निसटतील. त्यापेक्षा धंद्यातील संघटनांनी स्वतःहून नियम ठरवावेत आणि नगरपालिकांनी कारागिरांना निर्जंतुकीकरणाचे प्रशिक्षण द्यावे, कारागिरांना हिपॅटायटिसची लस द्यावी, हे अधिक न्याय्य होईल. रक्ताचा संपर्क त्यांच्या बोटांशी रोजच येतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

मात्र कोणताही नियम बोलणाऱ्या ग्राहकावाचून जिवंत राहत नाही. वर्गात नागरिकशास्त्र शिकवणारा शिक्षक, कचेरीत नियमावर बोट ठेवणारा लिपिक आणि मोर्चात घोषणा देणारा विद्यार्थी, हे तिघेही केशकर्तनालयाच्या खुर्चीत मुके होतात. मोठ्या अन्यायाविरुद्ध आवाज उठवण्याचे बळ लहान हानीबद्दल सभ्यपणे बोलण्याच्या सवयीतूनच येत असते. ‘दादा, पाते नवे घाला’ या चार शब्दांना धैर्य फारसे लागत नाही. ते आपल्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्या अनोळखी माणसासाठीही उच्चारलेले असतात, एवढी जाणीव मात्र हवी.