कामाला डोळे किती लागतात?

अंध माणसाला कोणते काम जमेल, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा डोळस माणसांनीच विचारला आणि उत्तरही त्यांनीच ठरवले. खुर्च्यांना वेत विणावा, मेणबत्त्या आणि खडू करावेत, हातमाग चालवावा, गळा असेल तर गाणे शिकवावे, अशी ती यादी होती. पुढे तिच्यात टेलिफोन ऑपरेटरच्या खुर्चीची भर पडली. बँका, सरकारी कचेऱ्या, रुग्णालये अशा ठिकाणी कितीतरी अंध ऑपरेटरांनी उभी नोकरी काढली. आवाज ओळखणे, क्रमांक तोंडपाठ ठेवणे आणि बोटांनी यंत्र चालवणे एवढे या कामाचे भांडवल होते. मग थेट नंबर फिरवण्याची सोय झाली, स्वयंचलित यंत्रणा आली आणि ती खुर्चीच नाहीशी झाली. त्या माणसांचे कान आणि स्मरणशक्ती होती तशीच राहिली होती, फक्त यंत्र बदलले होते. एखादे काम अंध माणसाला जमते की नाही, हे डोळ्यांइतकेच त्या कामाच्या मांडणीवर ठरते. नोकरी मिळण्याचा आणि टिकण्याचा सारा झगडा या एका गोष्टीभोवती फिरतो.

मुळात ‘न दिसणे’ ही एकच अवस्था नव्हे. निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून वाचता येणारे अक्षर वाचायला ज्याला ६ मीटरवर यावे लागते, त्याची दृष्टी ६/१८. चष्मा लावूनही, आणि दोहोंपैकी बऱ्या डोळ्याने, दृष्टी इतकी किंवा याहून कमी असेल, तर २०१६चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम त्याला अल्पदृष्टी मानतो. ती ३/६० च्याही खाली गेली, तर अंधत्व. दृष्टीचा घेर आकसत गेला तरी हेच लागू होते: ४० अंशांच्या आत अल्पदृष्टी, १० अंशांच्या आत अंधत्व.

घेर आकसलेला माणूस वर्तमानपत्र वाचू शकतो आणि वाटेतल्या स्टुलाला अडखळून पडतो. कार्यालयात अशा माणसाची पंचाईत होते. “मघाशी तर वाचत होतास!” असे म्हणणारे भेटतात. पूर्ण अंध माणसाच्या क्षमतेवर शंका घेतली जाते, तर अल्पदृष्टी माणसाच्या खरेपणावर. म्हणून कित्येक जण दृष्टी उतरत असल्याचे सहकाऱ्यांपासून लपवतात. चूक होईपर्यंत लपवतात, आणि चूक झाली की ती निष्काळजीपणाच्या खाती जमा होते.

आता कायद्याकडे वळू. १९९५च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखल्या. त्यांतला १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींचा होता. पण त्यासोबत ‘योग्य पदे’ निश्चित करण्याची तरतूद होती, आणि प्रशासन टक्केवारी काढताना फक्त त्या पदांचाच हिशेब धरी. यादी आखूड, म्हणजे जागाही कमी. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब चुकीचा ठरवला. टक्केवारी संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर काढायची, असे स्पष्ट केले. २०१६च्या अधिनियमाने एकूण आरक्षण ४ टक्के केले, दृष्टिहीनांचा वाटा मात्र १ टक्काच राहिला. खासगी क्षेत्राला ही सक्ती नाही.

यादीचा जाच कसा असतो, हे उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिले. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. २०१६मध्ये लागलेल्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निकालात त्या ७७३व्या आल्या. रेल्वेची लेखा सेवा वाट्याला आली, आणि दृष्टी नाही म्हणून नाकारली गेली. पुढच्याच परीक्षेत १२४वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या, आणि २०१९मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. रेल्वेचे हिशेब पाहायला जी दृष्टी अपुरी ठरली होती, ती महसुली उपविभागाचा कारभार पाहायला पुरली.

न्यायाधीशाच्या खुर्चीचेही तेच. मध्य प्रदेशच्या नियमांत अंध व अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायिक सेवेचे दारच बंद होते. एका अंध उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, त्यातून प्रकरण उभे राहिले आणि ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

दार उघडले तरी आत टिकणे वेगळे. नोकरीत असताना दृष्टी गेली, तर सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते, आणि तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. हे अधिनियमाच्या २०व्या कलमात आहे. राजीनाम्याचा कागद पुढे आला की आधी हे कलम आठवावे. खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते. कोणत्या सोयी देणार हेही त्यात लिहावे लागते. मुलाखतीआधी ते मागून घ्यायला हरकत नाही.

या सोयींपैकी सर्वांत मोठी म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर. ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर २००६पासून दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी घडवला, दोघेही अंध. मराठीत मात्र एक वेगळी अडचण येते. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे असतात. स्क्रीन रीडर ती तशीच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या कानी निरर्थक गुंता येतो. स्कॅन केलेले परिपत्रक तर नुसते चित्र असते. अक्षर ओळखणाऱ्या प्रणालीतून ते आधी काढावे लागते. तेच परिपत्रक युनिकोडमध्ये टंकून पाठवले, तर अंध कर्मचारी ते इतरांइतक्याच वेळात वाचून मोकळा होतो.

बाकीच्या सोयी आणखी साध्या आहेत. टेबलावर न चमकणारा उजेड, मोठ्या ठशातला मजकूर, जिन्याच्या कडेला ठळक रंगाची पट्टी, बैठकीत फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचण्याची सवय, फर्निचर हलवले तर तसे सांगणे. यांतल्या बऱ्याच गोष्टींना पैसाही लागत नाही. अंध उमेदवाराला “तुम्हांला हे जमेल का?” असे विचारणाऱ्या अधिकाऱ्याने त्याआधी आपल्या कचेरीतल्या संगणकावर स्क्रीन रीडर चालतो का, एवढे पाहून ठेवावे.