चिरेची परीक्षा

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती, म्हणजे जुने भांदक, हे गाव मातीकामासाठी नावाजलेले आहे. १९५५ साली तेथे स्थापन झालेल्या ग्रामोदय संघाने कुंभारांच्या विद्येस नवे वळण दिले. मडके घेताना गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. खणखणीत नाद आला तर मडके घरी येते. बद्द वाजले तर परत जाते. डोळ्यांस न दिसणारी चीर कानास कळते.

दातावर बसवावयाची चिनी मातीची कॅप याच कुळातील होय. मात्र ती वाजवून घेता येत नाही. आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे खर्ऱ्यातील सुपारी ज्यांच्या दाढेखाली नित्य असते, त्यांच्या तोंडी तिची कसोटी फार कठोर होते.

मग भरवसा धरावयाचा कशावर? कठीणपणावर, असे कोणीही म्हणेल. परंतु कठीण ते चिवट असतेच असे नाही. काच कठीण खरी, पण हिऱ्याची एक रेघ ओढली की ती हातानेही मोडते. याचे मर्म ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० साली उलगडले. ठिसूळ पदार्थात सूक्ष्म चिरा असतातच, व ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो. चीर चौपट लांबली की पदार्थ निम्म्याच ताणास मोडतो. वाढू पाहणाऱ्या चिरेस पदार्थ जो विरोध करतो, तोच त्याचा चिवटपणा.

तो मोजावयाचा तर चीर मुद्दाम पाडावी लागते. काही मिलिमीटर जाडीच्या लहान पट्टीवर प्रथम हिऱ्याच्या चकतीने खाच पाडतात. मग दाढीचे पाते व हिऱ्याची पूड यांनी तिचे टोक अगदी सूक्ष्म करतात. पट्टी दोन आधारांवर ठेवून वाकवितात. किती भारास ती मोडली आणि खाच किती खोल होती, यांवरून गणित मांडता येते. मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ या एककात साध्या दंत-पोर्सेलिनचा आकडा सुमारे १ येतो, तर झिर्कोनियाचा ४ ते ५. झिर्कोनियात चिरेच्या टोकाजवळील कण रूप पालटून फुगतात आणि चिरेस दाबून धरतात.

येथेच सावध राहावयास हवे. खाच बोथट राहिली तर चिवटपणा खोटाच जास्त दिसतो. हिऱ्याचे टोक दाबून कोपऱ्यांतून निघालेल्या चिरा मोजण्याची रीत सोपी, म्हणून लोकप्रिय झाली. पण तिची सूत्रे एकमेकांशी जुळत नाहीत. क्विन व ब्रॅट यांनी २००७ साली ती या कामी वापरू नये असे स्पष्ट मांडले. फुगलेल्या आकड्यावर विसंबून निवडलेली कॅप रुग्णाच्या तोंडात मोडते, आणि नुकसान त्याचेच होते.

शिवाय तोंड कधी कोरडे नसते. ओलाव्यात चीर कमी ताणासही हळूहळू सरकते. म्हणून उत्तम कॅप बसविलेल्यानेही सुपारी अडकित्त्यानेच फोडावी, दाढेने नव्हे.