घरासाठी एचडी टीव्ही घेताना

धाराशिव, उमरगा किंवा परंड्याच्या बाजारात टीव्ही घ्यायला निघण्यापूर्वी घरातली बैठक टेपने मोजावी. पडद्याचे माप तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धरतात. 32 इंची म्हणजे सुमारे 81 सेंटिमीटर. पाच-सहा फुटांवरून पाहायला तो पुरतो. सात-आठ फुटांसाठी 43 इंची बरा.

‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ एक नव्हेत. चित्र ठिपक्यांनी बनते. पहिल्यात बहुधा 1366 गुणिले 768 ठिपके असतात, तर दुसऱ्यात 1920 गुणिले 1080, म्हणजे जवळपास दुप्पट. मात्र सेट-टॉप बॉक्स व चॅनेल साधे असतील तर भारी टीव्हीवरही चित्र साधेच दिसणार. बॉक्स एचडी असूनही लाल-पांढरी-पिवळी वायर जोडली, तर एचडी चित्र मिळत नाही. एचडीएमआय वायरच लागते.

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आहे. तेव्हा बिलावरचा दर तपासावा. पक्के बिल व वॉरंटी कार्ड जपून ठेवावे. हप्त्याने घेणाऱ्याने सर्व हप्ते आणि फी यांची बेरीज रोख भावाशी ताडून पाहावी. धंद्यात माल पारखून घेणाऱ्याने घरच्या खरेदीतही तेवढीच पारख ठेवावी.