चौकट : घरच्या लेथवर व्हॉल्व्हचा फेस

झिजलेल्या व्हॉल्व्हच्या फेसवर खड्डे पडले, की कॉम्प्रेशन गळतं. खड्डे उथळ असतील तर ग्राइंडिंग पेस्टने काम भागतं. खोल असतील तर मात्र फेस नव्याने घासावा लागतो. त्यासाठी लेथवर टूलपोस्ट ग्राइंडर बसवतात आणि कंपाउंड स्लाइड फेसच्या कोनात वळवतात. तो बहुतेक इंजिनांत ४५ अंश असतो, काहींत ३०.

सगळी मदार पकडीवर आहे. साध्या तीन जबड्यांच्या चकपेक्षा कॉलेट केव्हाही बरं. स्टेम न झिजलेल्या भागावर पकडा आणि डायल गेज लावून आधी थरथर मोजा. स्टेमच वाकलेलं असेल तर व्हॉल्व्ह बाद. एका फेरीत ०.०१ ते ०.०२ मिलिमीटरच घ्या. घाई केली की धातू निळा पडतो. दगडाची भुकटी लेथच्या बेडची वैरीण, म्हणून बेड झाकून ठेवा. डोळ्यांवर गॉगल हवाच.

फेसच्या वरची सरळ कड साधारण एक मिलिमीटरपेक्षा पातळ उरली, तर तो व्हॉल्व्ह पुन्हा बसवू नका. पातळ कड तापून जळते. एक्झॉस्टच्या बाबतीत तर अजिबात नाही.

घासलेला व्हॉल्व्ह सीटमध्ये किंचित खोल बसतो, स्टेमचं टोक तेवढंच वर येतं आणि टॅपेटची फट कमी होते. त्यामुळे हेड चढवल्यावर फट नव्याने लावल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.