एका एकराच्या पाचटात दीड टन धिंगरी

माळेगाव बुद्रुकच्या शिवारात फड तुटला की वाढे जनावरांपुढे जातात, मोळ्या माळेगाव सहकारी साखर कारखान्याची वाट धरतात आणि रानात उरतं पाचट. एकरी तीन ते चार टन! कित्येक ठिकाणी आजही त्याला काडी लावतात.

त्यातलं तीनच टन धरा. बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवायचे, गरम पाण्यातून काढून निथळायचे आणि पिशवीत थर देत धिंगरी अळिंबीचं (ऑयस्टर मशरूमचं) स्पॉन, म्हणजे बियाणं, पेरायचं. पिशवीला किलोभर सुकं पाचट लागलं, तर एकराच्या झाल्या 3,000 पिशव्या. पंधरा-वीस दिवसांत पिशवी आतून पांढरीफटक होते. ते बुरशीचे धागे. धाग्याची जाडी 5 मायक्रॉन धरली, तर अवघ्या दोन घनसेंटिमीटर धाग्यांची सलग लांबी 100 किलोमीटर भरते, जवळपास इथून पुण्यापर्यंत! गाईच्या पोटालाही न पचणारं लिग्निन हेच धागे फोडतात.

भाताच्या, गव्हाच्या काडावर सुक्या वजनाच्या 60 ते 100 टक्के धिंगरी निघते. पाचट चिवट, म्हणून निम्मीच धरू: दीड टन. त्यात नव्वद टक्के पाणी, हेही खरं. उरलेल्या दीडशे किलोंत प्रथिनं साधारण 30 किलो, म्हणजे साडेपाचशे माणसांची एका दिवसाची गरज. मात्र छत्रीची कड वर वळण्याआधीच तोडणी हवी. नंतर हवेत इतके बीजाणू उडतात की बंद खोलीत काम करणाऱ्याला खोकला लागतो.

आता राज्याकडे पाहा. 2021-22 च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे 1,320 लाख टन ऊस गाळला गेला. ऊस होता बारा लाख हेक्टरांवर. हेक्टरी आठ टन म्हटलं तरी पाचट कोटीभर टनांच्या घरात जातं. त्यातला शंभरावा हिस्सा वापरला तरी धिंगरी 50,000 टन. अख्ख्या देशाचं मशरूम वर्षाला तीन लाख टनांच्या आसपास आहे!

सगळं पाचट पिशव्यांत भरा, असं मी म्हणणार नाही. खोडव्याच्या सरीत त्याचं आच्छादन हवंच. जमिनीचा सेंद्रिय कर्ब त्यावरच टिकतो. अळिंबी निघाल्यावरचा बेडही खतात जातो. शिवाय तोडणीचा हंगाम थंडीचा, आणि धिंगरीला मानवणारी हवाही तीच. तेव्हा यंदा फड तुटला की काडी लावू नका, आणि दहा पिशव्या तरी भरून बघा.