पेज, पोहे आणि शरदाचे दिवस

आपल्या पंचांगात ऋतू सहा आहेत. पण शहरातल्या माणसाच्या हिशेबात ते तीनच उरले आहेत. त्यातही मुंबईकराला विचाराल तर तो हिवाळ्याविषयी शंका काढील! या तीन थोरल्या ऋतूंच्या गर्दीत शरदाला उभे राहायलाही जागा मिळत नाही. 'ऑक्टोबरचा उकाडा' हे एकच नाव त्याच्या वाट्याला आले आहे, आणि तेही घाम पुसता पुसता घेतलेले.

आपल्या पूर्वजांचे मत मात्र निराळे होते. शंभर वसंत जग, असा आशीर्वाद त्यांनी सहसा दिला नाही. शंभर शरद जग, असा दिला. कवींनी वसंताचे कितीही कौतुक केले तरी आयुष्य मोजायची वेळ आली तेव्हा वेदकाळच्या माणसाने शरदाचे माप हाती घेतले. असे का, हे वर्गात विद्यार्थ्यांना सांगताना मला पोथीपेक्षा पळसदरीच अधिक उपयोगी पडते. पाऊस सरलेला, आभाळ निवळलेले, शेतात भात पिवळे पडलेले. शंभर शरद पाहिले म्हणजे शंभर वेळा नवे धान्य घरात आलेले पाहिले. याहून मोठे आयुष्य ते कोणते?

पळसदरी हे माझे सासर. मुंबईहून खोपोलीच्या लोकलने निघाले की कर्जतनंतरचे पहिले स्टेशन. पुण्याच्या गाड्या इथूनच बोरघाट चढू लागतात. १८६३ साली हा घाट आगगाडीला खुला झाला, तेव्हापासून लाखो प्रवाशांनी खिडकीतून ही दरी पाहिली असेल. पण त्यांचे डोळे पुढच्या बोगद्यांकडे लागलेले असतात. पावसाळ्यात धबधब्यांसाठी येणारी मंडळीही गणपतीनंतर फिरकत नाहीत. खरे तर पळसदरी पाहावी ती आश्विनात. तळ्याचे पाणी स्वच्छ झालेले असते, डोंगराच्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई पिकत आलेली असते, आणि सकाळच्या गाडीला ठाकरवाड्यांतल्या बाया काकड्या, शिराळी, पडवळ यांच्या पाट्या घेऊन निघालेल्या असतात.

दिवस सुंदर खरे, पण प्रकृतीला कठीण. पाऊस संपतो, ढगांचे छत्र जाते, जमीन ओली आणि डोक्यावर ऊन कडक. वर्षा ऋतूत साचलेले पित्त शरदात उसळते, असे आपले वैद्यक सांगते. म्हणून या ऋतूत गोड, कडू आणि थंड खावे, तिखट-आंबट व तळलेले बेताने घ्यावे, असा त्याचा सल्ला आहे. जुन्या ग्रंथांनी शरदासाठी सांगितलेले पदार्थ पाहावेत : तांदूळ, मूग, साखर, आवळा, पडवळ, तूप, मध. ही यादी वाचली आणि मला हसूच आले. ही तर आमच्या सासूबाईंची आश्विनातली वाण्याची आणि बाजाराची यादी! त्यांनी कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता. दारात जे पिकते ते पोटात घालावे, एवढाच त्यांचा शास्त्रार्थ होता.

या यादीतला पहिला मान पेजेचा. पेज म्हटले की शहरातल्या मुलांचे तोंड वाकडे होते. ते आजाऱ्याचे अन्न, अशी त्यांची समजूत. पण शब्दाचे कूळ पाहा. संस्कृतातल्या 'पेया'ची आपली पेज झाली. वैद्यकात भाताच्या पातळ पदार्थांची पायरीच लावलेली आहे : शिते नसलेला तो मंड, थोडी शिते असलेली ती पेया, आणि दाट झाली की विलेपी. आजाऱ्याला एकेक पायरी चढवत पूर्ण जेवणावर आणायचे. भाताच्या पेजेत मीठ घालून जुलाबाच्या रोग्याला द्यावी, हे आजचे डॉक्टरही मान्य करतात. आमच्या कर्जत तालुक्यात तर पेज नावाची नदीच आहे! उल्हासला जाऊन मिळणाऱ्या या नदीला भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्राचे पाणी १९२२ पासून मिळू लागले, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहते. नदीचे नाव कशावरून पडले ते असो. पण बारमाही उपयोगी पडण्याचा गुण दोघींनाही आहे.

कृती कसली, नुसता धीर हवा. तांदळाच्या कण्या एक वाटी घ्याव्यात, धुऊन आठ वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजत ठेवाव्यात. मधून मधून ढवळावे. कणी बोटाने सहज चुरडली जाऊ लागली की मीठ घालावे आणि झाकून ठेवावे. वाढताना वर चमचाभर साजूक तूप, चिमूटभर मेतकूट, आणि शेजारी लिंबाचे मुरलेले लोणचे. दिवसभर उन्हातून, लोकलच्या गर्दीतून आलेल्या माणसापुढे रात्री हे ठेवून पाहा. पहिल्या दोन घोटांत तो गप्प होतो, तिसऱ्याला कपाळावरची आठी जाते. माझे यजमान ऑफिसातली भांडणे पेजेच्या दिवशी घरात आणीत नाहीत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

दुसरा मान काकडीचा. शहरात मिळणारी बोटभर काकडी नव्हे. पावसाळ्यात मांडवावर चढलेली, आश्विनात हातभर वाढून पिवळी पडलेली ती जून काकडी. कोशिंबिरीला ती चालत नाही, म्हणून टाकून द्यायची काय? छे! तिची साल व बिया काढून कीस करावा. दोन वाट्या किसात पाऊण वाटी गूळ विरघळू द्यावा, चवीला मीठ, आणि मावेल तेवढे तांदळाचे पीठ घालून थापता येईल इतपत सैल भिजवावे. पाणी घालू नये, काकडीचेच पुरते. परसातल्या हळदीच्या पानावर हे थापून वर दुसरे पान ठेवावे आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावे. पान करपत आले की आतली पानगी तयार. तिच्यावर लोणी असेल तर मग बोलायलाच नको. हळदीच्या पानाचा वास साऱ्या घरात दरवळतो आणि शेजारच्या घरातली मुले काहीतरी निमित्त काढून येतात.

पण शरदाचा खरा राजा म्हणजे नवा तांदूळ. आमच्याकडे भाताचे तीन वर्ग : हळवे, निमगरवे आणि गरवे. हळवे आधी तयार होते, गरव्याला दिवाळीनंतरही वाट पाहावी लागते. कर्जतच्या भातसंशोधन केंद्राने काढलेल्या 'कर्जत-१८४' सारख्या जाती आता दूरदूरच्या शेतांत गेल्या आहेत. आमच्या तालुक्याचे नाव अशा रीतीने तांदळाच्या पोत्यावरून फिरत असते. कोजागरीची पौर्णिमा शहरात आटीव दुधाची असते. कोकणात तीच नवान्न पौर्णिमा. भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने, झेंडूची फुले यांची जुडी करून दाराला बांधायची, तिला 'नवे' म्हणतात. नव्या तांदळाचा भात किंवा खीर आधी देवाला, मग घराला.

आणि त्याच भाताचे दिवाळीसाठी पोहे. भात रात्रभर भिजवायचे, सकाळी तापल्या खापरात भाजायचे आणि गरम आहे तोवर उखळात कांडायचे. दोघी बायका समोरासमोर, एकीचे मुसळ वर गेले की दुसरीचे खाली. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, मग तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा, आणि त्यानंतर पोहे : दुधातले, दह्यातले, गुळातले, फोडणीचे, दडपे. कडूनंतर गोड, असा हा क्रम. दडप्या पोह्यांना विस्तव फार लागतच नाही. पातळ पोह्यांत ओले खोबरे, बारीक कांदा, हिरवी मिरची, लिंबू, मीठ, साखर आणि नारळाचे पाणी घालून अर्धा तास वजनाखाली दडपून ठेवायचे, वरून फोडणी. चकली-करंज्यांचे डबे त्यानंतर उघडायचे. चार दिवस तळणीचे खायचे तर सुरुवात हलकी असावी, हे त्यात ओघाने आलेच.

हे सारे लिहिताना २०१९ ची दिवाळी डोळ्यांपुढे येते. ऑक्टोबर सरत आला होता आणि अरबी समुद्रात 'क्यार' वादळ उठले होते. पाऊस जाण्याचे नाव घेईना. कोकणात ठिकठिकाणी उभी भाते आडवी झाली, कापलेली शेतातच भिजली, दाण्यांना मोड आले. आमच्या शेजारणीचेही तसेच झाले. दर वर्षी पहिल्या पोह्यांची पिशवी घेऊन येणारी ती बाई त्या वर्षी रिकाम्या हाताने आली. सासूबाईंना म्हणाली, "यंदा पोहे नाय काकू. बियाण्यापुरतं वाचलंय, तेवढंच." सासूबाईंनी तिला आत बोलावले, पाटावर बसवले, आणि कर्जतच्या बाजारातून आणलेल्या पोह्यांची बशी तिच्याच हातात दिली. दोघीही बराच वेळ पावसाबद्दल बोलल्या नाहीत. ऋतूचे खाणे ही हौसेची गोष्ट आहे असे आपण शहरात समजतो. जिच्या अंगणातून ते येते तिच्या वर्षाचा जमाखर्च त्या बशीत असतो.

आणि म्हणून मला जुन्या काळाचे नुसते गोडवे गायचे नाहीत. उखळावर पोहे कांडणाऱ्या बायकांचे खांदे दुखत असत. गिरणी आली हे फार चांगले झाले. नोकरी सांभाळणाऱ्या गृहिणीने दिवाळीत पहाटे तीनला उठून सतरा प्रकार करावेत, असेही माझे म्हणणे नाही. उलट शरदाचे खाणे हे कमी कष्टाचे आहे, हाच त्याचा मोठा गुण. पेज मुलगाही करू शकतो, दडपे पोहे यजमानही करू शकतात. आमच्या घरी करतातही.

शहरात बारा महिने फ्लॉवर आणि वाटाणा मिळतो, त्यामुळे कोणता महिना चालू आहे हे भाजीवरून कळत नाही. पळसदरीच्या आसपासही भाताच्या खाचरांत बंगल्यांचे प्लॉट पडत आहेत. ज्यांनी ते घेतले त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? पण शेतकऱ्याला खाचर राखणे परवडायचे तर त्याच्या तांदळाला, पोह्यांना आणि काकडीला गिऱ्हाईक हवे. ते गिऱ्हाईक आपण आहोत. तेव्हा येत्या चार दिवसांत स्टेशनबाहेर पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून पडवळ घ्या, दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. वाण्याकडे नवा तांदूळ आला का, हे विचारा. फराळाच्या जड दिवसांतली एक रात्र पेजेसाठी राखून ठेवा.

शंभर शरद जगण्याचा आशीर्वाद सर्वांच्याच नशिबी असतो असे नाही. पण समोर आलेला हा एक शरद तोंडी लावून पाहायला कोणाची ना आहे?