लोखंड कापण्याची करवत कोणती घ्यावी?

काशीस जाऊन करवत घेतल्याच्या कथा आमच्या आईनें लहानपणीं पुष्कळ ऐकल्या आहेत. परंतु नागपुरांत, महालांतल्या आपल्याच घरीं बसून, करवत घेण्यावरून नऊ माणसांच्या कुटुंबांत दोन पक्ष पडावे, हा प्रकार तिलाही नवा होता. ज्यांच्या घरीं एखादा मुलगा किंवा नुकतेच सेवानिवृत्त झालेले एखादे गृहस्थ पडवींत व्हाइस बसवून लोखंडाशीं खेळूं लागले आहेत, त्यांच्याकडे हा वाद आज ना उद्यां निघणारच. म्हणून आमच्याकडे तो कसा निघाला आणि शेवटीं काय ठरलें, तें येथें सविस्तर सांगतों.

माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकतो. नागपूरच्या मोतीबागेंत छोट्या रेल्वेचें जें संग्रहालय २००२ सालीं सुरू झालें, तेथें लहानपणीं मींच त्याला नेलें होतें. नागपूर-छिंदवाडा मार्गावरची छोटी गाडी २०१५ सालीं, रूळ रुंद करण्यासाठीं, बंद झाली. तत्पूर्वीं तींतून तो एकदां बसूनही आला होता. अशा रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाची चालती प्रतिकृति घरीं बनवावी, असा त्यानें ध्यास घेतला. त्या रेल्वेच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. प्रतिकृतीसाठीं तेंच अंतर पांच इंच धरलें, कीं प्रत्येक माप बरोबर एक-षष्ठांश होतें आणि हिशेब सोपा जातो. मुलानें कागदावर सर्व आकृत्या काढिल्या. सांगाड्यासाठीं एक-अष्टमांश इंच जाडीचा पोलादी पत्रा, आंसासाठीं एक इंच व्यासाचा गोल गज, आणि पाण्याच्या टांकीसाठीं पातळ पितळी पत्रा, इतकें सामान त्यानें इतवारींतून आणिलें. येथवर सर्व ठीक चाललें होतें.

माघ महिन्यांत एके दुपारीं तो सांगाड्याचा पत्रा कापावयास बसला. त्यासाठीं त्यानें मित्राचें हातांत धरून चालविण्याचें ग्राइंडर आणिलें होतें. कापण्याची रेघ नीट दिसावी म्हणून त्यानें चाकावरची ढाल काढून ठेविली. घासून कापणारी ती चकती पावसाळाभर दमट कपाटांत पडलेली होती. पत्रा कापतां कापतां किंचित् वांकला, चकती चिरेंत आवळली, आणि फुटली. तिचा एक तुकडा मुलाच्या डाव्या भुंवईच्या वर लागला. चार टांके पडले. डॉक्टर जातांना म्हणाले, "आणखी इंचभर खालीं लागता, तर मी टांके घालण्यासाठीं आलों नसतों." त्या रात्रीं दादांनीं जेवतांना सांगून टाकिलें कीं, या घरांत यापुढें लोखंड कापलें जाणार नाहीं. मुलानें उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सर्व सामान पोत्यांत बांधून त्यानें माळ्यावर टाकिलें, व पुढें पंधरा दिवस तो घरांत कोणाशींही धड बोलला नाहीं.

दादांचा राग खोटा होता, असें मला आजही वाटत नाहीं. परंतु आपल्यासारख्या पुस्तकी घरांत एखादा मुलगा हातानें कांहीं घडवूं पाहतो, तेव्हां त्याच्या हातांतलें काम काढून घेणें हा अपघातावरचा इलाज नव्हे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगांवास येऊन सायकलींच्या दुकानांत व पुढें लोखंडाच्या कामांत शिरले, म्हणूनच महाराष्ट्रास लोखंडी नांगर आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी मिळाली. हें दादांना मीं सांगितलें. ते म्हणाले, "किर्लोस्करांनीं योग्य हत्यार घेतलें असेल. तूं आधीं योग्य हत्यार कोणतें तें दाखव, मग बोलूं." तेव्हांपासून मीं हा विषय अभ्यासास घेतला.

पहिली गोष्ट मला अशी कळली कीं, दुकानांत जाऊन 'चांगली करवत द्या' म्हणणें व्यर्थ आहे. तीन प्रश्न घरींच सोडवून जावें लागतें. काय कापावयाचें? किती कापावयाचें? आणि कोठें बसून कापावयाचें? आमच्या मुलाला पहिल्याचें उत्तर ठाऊक होतें. उरलेले दोन प्रश्न त्यानें स्वतःस विचारलेच नव्हते.

आमच्या वडिलांची जुनी हात-करवत, जिला कारागीर हॅक्सॉ म्हणतात ती, भिंतीवर टांगलेली होती. ती कांहींच कापत नाहीं, असा निकाल मुलानें पूर्वींच दिला होता. मीं ती उतरवून पाहिली, तों पातें उलटें बसविलेलें, शिवाय सैल, आणि दांते जाड कामाचे! बिचाऱ्या करवतीचा त्यांत काय दोष? या करवतीचे दांते नेहमीं पुढें, म्हणजे मुठीच्या उलट दिशेस, वळलेले असावे. कारण ती पुढें ढकलतांना कापते. पातें इतकें ताणावें कीं बोटानें टिचकी मारली असतां खणकन् वाजलें पाहिजे. सैल पातें वांकडें जातें आणि मोडतें.

दांत्यांची निवड हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. पात्याची लांबी बहुधा बारा इंच असते, आणि इंचामागें १४, १८, २४ किंवा ३२ दांते असतात. नियम एकच ध्यानांत ठेवावा: कापावयाच्या जाडींत एका वेळीं निदान तीन दांते असले पाहिजेत. एक-अष्टमांश इंच पत्र्यावर २४ दांत्यांचें पातें चालविलें, कीं बरोबर तीन दांते आंत येतात. तेथें १४ दांत्यांचें पातें लावलें, तर पत्र्याची कड दोन दांत्यांच्या मधल्या खळग्यांत शिरते आणि दांते मोडतात. उलट, एक इंची गजावर ३२ दांत्यांचें पातें लावल्यास बारीक खळगे लोखंडाच्या कणांनीं भरून जातात, आणि माणूस घामाघूम होऊनही करवत पुढें सरकत नाहीं. तेथें १४ किंवा १८ दांतेच बरे. पितळेचा पत्रा अगदीं पातळ असल्यास ३२ दांतेही पुरे पडत नाहींत. तो लांकडाच्या दोन पातळ फळ्यांत दाबून धरावा व फळ्यांसकट कापावा. नाजुक वळणें कापावयाचीं असल्यास सोनार वापरतो ती तारेसारख्या पात्याची बारीक करवत घ्यावी.

पातें कोणत्या पोलादाचें, हेंही पाहावें. साध्या पोलादाचें पातें स्वस्त, परंतु लवकर बोथट होतें. सबंध कठीण केलेलें पातें सरळ कापतें, पण नवशिक्याच्या हातीं कांचेसारखें मोडतें. ज्याचे दांते हाय-स्पीड पोलादाचे आणि पाठ लवचिक पोलादाची असते, तें बाय-मेटल पातें थोडें महाग असलें तरी घरच्या कामास सर्वांत सोयीचें.

चालविण्याची रीतही शिकावी लागते. मिनिटास चाळीस-पन्नासांहून अधिक हेलपाटे घालूं नयेत. पात्याची संपूर्ण लांबी वापरावी. पुढें जातांना दाब द्यावा, मागें येतांना सोडावा. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. दांते आळीपाळीनें डावीउजवीकडे किंचित् वळविलेले असतात, म्हणून चीर पात्याहून जरा रुंद पडते. पातें झिजत जातें, तशी चीरही अरुंद होत जाते. अशा अर्धवट चिरेंत नवें पातें घातलें, कीं तें अडकून मोडलेंच म्हणून समजावें. तेथें तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूनें नवी चीर सुरू करावी.

हें सर्व जुळवून मीं माळ्यावरचें पोतें खालीं काढविलें. एक इंची गज मुलानें पहिल्या दिवशीं अकरा मिनिटांत कापला आणि चीर तिरपी गेली. पंधरा दिवसांनीं तोच गज पांच मिनिटांत, बऱ्यापैकीं सरळ कापला गेला. दादा झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत होते. परंतु पान उलटत नव्हतें, हें माझ्या ध्यानांत आलें.

हौसेच्या अनेक कामांस एवढी हात-करवत जन्मभर पुरते. परंतु जेथें रोज दहा-वीस तुकडे कापावयाचे, तेथें यंत्राचा विचार येतो. यंत्रें मुख्यतः चार प्रकारचीं आहेत.

पहिलें, चौदा इंची घासचकतीचें, ज्याला बाजारांत चॉप सॉ म्हणतात. तें स्वस्त असतें आणि कठीण पोलादही कापतें. परंतु चकती मिनिटास सुमारें ३,८०० फेरे घेते. म्हणजे तिची कड ताशीं अडीचशें किलोमीटर वेगानें धांवते. ठिणग्या कित्येक फूट उडतात. चुन्याच्या भिंतीवर बसलेले लोखंडाचे कण पहिल्या पावसांत गंजून तांबडे डाग उठवितात. वैशाखांत ज्या घराच्या गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळत असतात, तेथें ही धूळ कोठें जाऊन बसेल, तें सांगावयास नकोच. शिवाय कापलेली कड तापते. पोलाद कर्बयुक्त असल्यास ती इतकी कठीण होते कीं तिच्यावर कानस घसरते. हें यंत्र मोकळ्या आवारांत शोभतें. या चकत्यांच्या मधल्या कडीवर वापरण्याची मुदत छापलेली असते. ती उलटलेली किंवा दमट जागीं राहिलेली चकती निःसंकोच फेंकून द्यावी.

दुसरें, तितक्याच आकाराचें, पण कार्बाइडच्या दांत्यांच्या पात्याचें. त्याचे फेरे मिनिटास सुमारें १,३०० ते १,५०० असतात. तें झटकन् आणि थंड कापतें. परंतु आवाज मोठा आणि पातें महाग. तें पातें पहिल्या प्रकारच्या वेगवान यंत्रावर कधींही चढवूं नये. तसेंच लांकूड कापण्याचें दांतेरी पातें हातांतल्या ग्राइंडरवर चढविणें म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

तिसरें, कोल्ड सॉ. त्याचें गोल पातें अगदीं सावकाश फिरतें, वर थंड पाण्याची धार असते, आणि कापलेली बाजू आरशासारखी निघते. पण त्याचें वजन आणि त्याची किंमत कारखान्यासच झेपते.

चौथें, आडवें बँड सॉ. यांत दांतेरी पोलादी पट्टा दोन चाकांवरून फिरतो आणि त्याची चौकट स्वतःच्या वजनानें हळूहळू खालीं येते. लहान यंत्र सुमारें चार इंच व्यासाचा गज घेतें. एक इंची गज तें दीड-दोन मिनिटांत कापतें. ठिणग्या नाहींत, धूळ नाहीं, आणि आवाज शिवणयंत्राहून थोडा अधिक. बहुतेक यंत्रांत वेग बदलतां येतो: कठीण पोलादास मंद, साध्या पोलादास मध्यम, पितळ व अॅल्युमिनियम यांस जलद. काम संपतांच तें आपोआप बंद पडतें. ज्या घरांत पलीकडच्या खोलींत कोणी अभ्यास करीत असतें आणि अंगणांत लहान मूल खेळत असतें, त्या घरास माझ्या मतें हेंच योग्य.

तें घेतांना पुढील गोष्टी पाहाव्या. घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर तें चालतें काय, आणि अर्थिंगची सोय आहे काय? पट्टा नेहमीच्या लांबीचा आहे काय? लहान यंत्रांत ती बहुधा साडेचौसष्ट इंच असते; वेगळ्याच लांबीचा पट्टा असल्यास पुढें तो मिळण्याची पंचाईत. शेवटीं दुकानदारास जाड गजाची एक पातळ चकती कापून दाखवावयास सांगावी आणि व्हर्नियरनें तिची जाडी चारी बाजूंस मोजावी. जाडी सारखी आली, तर यंत्र सरळ कापतें. फरक आल्यास पट्ट्याचे मार्गदर्शक जुळवून घ्यावे. तरीही फरक राहिल्यास दुसरें यंत्र पाहावें.

आमच्या घरीं असें ठरलें कीं, तीन महिने केवळ हात-करवत. त्यानंतरही काम चालूं राहिलें, तर बँड सॉ. अटी दादांनींच घातल्या: डोळ्यांस चष्मा लावल्यावांचून करवतीस हात लावावयाचा नाहीं, यंत्राची ढाल काढावयाची नाहीं, सैल बाह्या आणि हातमोजे घालून फिरत्या यंत्रापाशीं जावयाचें नाहीं, आणि घरांत कोणी मोठें माणूस असल्याखेरीज यंत्र सुरू करावयाचें नाहीं. मुलानें सर्व अटी मान्य केल्या. आषाढांत दादा स्वतः त्याच्याबरोबर इतवारींत गेले. दुकानदारानें कापून दिलेली चकती व्हर्नियरनें दोनदां मोजूनच त्यांनीं पैसे दिले.

ज्या वडील मंडळींच्या घरीं असा प्रसंग येईल, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, मनाई करण्यापूर्वीं हे तीन प्रश्न मुलाबरोबर बसून सोडवावे. बहुधा उत्तर वाटलें होतें त्याहून साधें, स्वस्त आणि निर्धोक निघतें.

मुलाच्या भुंवईवरचा व्रण अजून दिसतो. पडवींत वडिलांच्या करवतीशेजारच्या खुंटीवर चष्मा टांगलेला असतो. इंजिनाचा सांगाडा उभा राहिला आहे. चाकें अजून व्हावयाचीं आहेत.